जयवंताबाईच्या हातच्या केबली

जयवंता हिरामण ओव्हाळ हे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर चढलं ते एकोणीसशे एकाहत्तर साली. समोर हुद्दा लिहिला होता, ‘सफाई कामगार, पंपहाऊस’. पण कारखान्याच्या लाँचच्या केबलींना तिचा हात त्याआधी पाच वर्षं लागत होता, आणि ही गोष्ट तिच्या नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हती.

ती मूळची कर्जत तालुक्यातल्या कळंबची. बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्या वर्षी तिच्या बापानं, काळूजीनं, गावकीची सगळी कामं एका दिवसात सोडली आणि माथेरानच्या एका हॉटेलात भांडी घासायला राहिला. महिन्यातून एकदा डोंगर उतरून घरी यायचा तेव्हा लेकीला अंगणात बसवून एकच गोष्ट गिरवून घ्यायचा, सही. नुसतं नाव चालत नसे. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं पुरं. “अंगठा उठवायची पाळी माझ्यासंगं संपली,” तो म्हणायचा. जयवंता त्याआधी चौथी शिकली होती. मग शाळा सुटून लावणी-कापणी आणि गोधड्या शिवणं सुरू झालं होतं. गोधडीत तिचा हात असा बसला होता की कळंबच्या बाया आपली जुनी लुगडी तिच्याकडेच आणून टाकायच्या. अंधूक उजेडातही तिचा टाका वाकडा जात नसे. सात पदरांतून सुई जाताना कुठं अडते, गाठीला अडते की शिवणीला, हे ती डोळे न उघडता सांगायची.

अठ्ठावन्न साली तिचं लग्न झालं. नवरा हिरामण खालापूर तालुक्यातला, चौकच्या बाजूचा. खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी एका गॅरेजात तो ट्रक आणि मोटरसायकली दुरुस्त करायचा. पुढं रसायनीकडं कारखाने उभे राहू लागले, तेव्हा पाताळगंगेच्या काठावरच्या एका रसायनाच्या कारखान्यात त्याला खलाशी म्हणून काम मिळालं.

कारखान्यात खलाशी कशाला, असं कुणालाही वाटेल. कारखाना नदीच्या एका तीरावर आणि त्याला पाणी पुरवणारं पंपहाऊस दुसऱ्या तीरावर होतं. उन्हाळ्यात माणसं बंधाऱ्यावरून चालत पलीकडं जात. जूनमध्ये बंधारा पाण्याखाली गेला की ऑक्टोबरपर्यंत तिथं जायला लाँचशिवाय वाट नव्हती. बंधाऱ्यामागं नदी चांगली फुगून रुंद व्हायची. त्या पाण्यातून दर पाळीला पंधरा-वीस माणसं घेऊन लाँच जायची आणि तितकीच परत आणायची. जरा खाली बंधाऱ्यावरून पाणी कोसळायचं, त्याचा आवाज कायम कानात असायचा. लाँचला गिअर वेळेवर पडला नाही किंवा वेग वेळेवर उतरला नाही, तर काय होईल हे सांगायची गरज नव्हती.

लाँच चालवणाऱ्याच्या हाताशी दोन दांडे होते. एक गिअरचा, एक वेगाचा. दांड्यांपासून इंजिनापर्यंत, फळ्यांच्या खालून, पंधरा पंधरा फुटांच्या दोन केबली गेल्या होत्या. बाहेरच्या नळीला गॅरेजातली माणसं आउटर म्हणतात आणि आतल्या पोलादी तारेला इनर. दांडा हलला की इनर आउटरमध्ये सरकते आणि तिकडं इंजिन ऐकतं. एवढाच मामला. पण नळीत ओल शिरली, गंज धरला, गाळ बसला की तार अडायला लागते. म्हणून महिन्यातून दोनदा केबली सोडायच्या, साफ करायच्या, तेल पाजायचं. ते काम हिरामणचं.

सहासष्ट सालच्या पावसाळ्यात इंजिनाच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली, उरलेली ताठ झाली. महिन्याभरानं तो कामावर परतला तेव्हा साहेबांनी विचारलं, “जमेल का रे?” आणि तो म्हणाला, “जमंल साहेब.” दोर ओढणं, डिझेल भरणं, इंजिन सुरू करणं, सगळं जमत होतं. जमत नव्हतं ते एकच. केबलीच्या टोकाची बारीक पिन काढणं आणि तारेवरून बोट फिरवून तिचं दुखणं ओळखणं.

पहिल्याच रविवारी जयवंता भाकरी घेऊन नदीवर गेली, तेव्हा तो लाँचमध्ये खाली वाकून बसला होता. पिन तीनदा हातातून निसटून तळाच्या पाण्यात पडली होती. त्याच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत पाणी.

“सरा जरा,” ती म्हणाली. फडक्यात भाकरी तशीच ठेवून ती खाली बसली आणि तिनं पिन पाण्यातून काढून जागी बसवली.

“तुला कसं गं जमलं?”

“गोधडीतला केस काढते मी सुईच्या टोकानं. ही तर केवढी जाड हाय.”

रविवारी दुपारी लाँच बंद असायची आणि धक्क्यावर कुणी नसायचं. त्या दिवसापासून पाच वर्षं दर दुसऱ्या रविवारी ती जात राहिली. हिरामण सांगायचा, ती करायची. केबल दोन्ही टोकांनी सोडायची. धक्क्यावरच्या पाण्याच्या टाकीच्या उंच कठड्याला तिचं एक टोक बांधून दुसरं खाली धक्क्यापर्यंत सरळ लोंबतं सोडायचं. वरच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधून त्याचं नरसाळं करायचं आणि त्यात शिवणयंत्राला घालतात तसलं पातळ तेल थोडं थोडं ओतत, तार वरखाली सरकवत राहायची. मग खाली वाटी धरून वाट बघायची. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण माणसाला घाई असते. आधी थेंब काळा पडतो, मग गंजाचा तांबूस, आणि मग कधीतरी ओतलं तसंच स्वच्छ तेल खाली येतं. तोवर उठायचं नाही.

“ग्रीस नळीत कधी कोंबायचं नाय,” हिरामण बजावायचा. “चार दिवस लोण्यासारखं चालतं, मग त्यात रेती बसते आन् त्याची लापशी व्हते. ग्रीस फकस्त टोकाला, पिनीपाशी.” केबल वळवायची ती परातीच्या काठासारखी, वाटीच्या काठासारखी नाही. तारेवरून उघडा अंगठा फिरवायचा. एक धागा जरी तुटला असला तरी तो टोचतो. आणि नळी कुठं फुगली असेल तर तेलाचा नाद सोडायचा. ती केबल मेली, नवी घालायची.

तिला हे सगळं आवडत होतं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दुसरा रविवार जवळ आला की तिचा पाय हलका व्हायचा.

एकाहत्तरच्या भादव्यात हिरामण काविळीनं गेला. बत्तीस वर्षांची जयवंता, पदरात दोन मुली. कारखान्यानं माणुसकी दाखवली आणि तिला पंपहाऊसवर झाडलोटीला लावलं. रोज सकाळी ती त्याच लाँचमधून पलीकडं जायची, हातात खराटा घेऊन, सगळ्यात मागं बसून. केबलींचं काम आता वर्कशॉपकडं गेलं होतं. गजा नावाचा फिटर महिन्यातून एकदा यायचा, ग्रीसचा पंप लावून दोन्ही नळ्या भरायचा आणि दहा मिनिटांत वहीत सही करून निघून जायचा. ती बघत राहायची. पहिल्या खेपेला तिनं तोंड उघडलंही होतं.

“दादा, नळीत ग्रीस नका भरू. रेती धरतं.”

गजानं वर पाहिलंसुद्धा नाही. “बाई, खराटा कुठाय तुमचा?”

त्र्याहत्तरच्या जुलैत लाँच आजारी पडायला लागली. लाँच चालवायचा काळूराम, पन्नाशीचा, शांत माणूस. तो वेगाचा दांडा मागं घ्यायचा, पण इंजिनाचा आवाज लगेच उतरत नसे. दोन श्वास जाऊन मग उतरायचा. मागं बसल्या बसल्या जयवंता ते श्वास मोजायची. आठवड्यानं तीन झाले. गिअर टाकताना काळूराम दोन्ही हात लावायला लागला. तिनं त्याला ते मोजलेले श्वास आणि केबलींचं दुखणं सांगितलं तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “वयनी, मला काय कळतं त्यातलं? गजा म्हनतो इंजिनच म्हातारं झालंय.”

आणि मग एका सकाळी, रात्रपाळीची माणसं घेऊन कारखान्याकडच्या धक्क्याला लागताना वेग उतरलाच नाही. लाँच सरळ जाऊन दगडी धक्क्यावर आदळली. उभी असलेली माणसं एकमेकांवर पडली, एकाचा दात गेला, पुढच्या दोन फळ्या फुटल्या. नशीब, धक्क्यावरच आदळली. बंधाऱ्याच्या तोंडाशी असं झालं असतं तर दातावर भागलं नसतं.

तासाभरात टिपणीस साहेब आले. पंप आणि पाणी या दोन्हींचा कारभार त्यांच्याकडं होता. वय तिशीच्या आत, तिरसट नव्हते पण घाईत असायचे. त्यांच्यामागं गजा आणि वर्कशॉपची दोन माणसं होती. गजानं दांडे हलवून बघितले आणि निकाल देऊन टाकला. गिअरबॉक्स गेला, इंजिनही उघडावं लागेल, सगळं काढून मुंबईला पाठवायचं.

“किती दिवस?”

“तीन आठवडे तरी, साहेब.”

साहेबांचा चेहरा उतरला. बंधाऱ्यावर कमरेच्या वर पाणी होतं. तीन आठवडे पलीकडं माणूस जाणार नाही, म्हणजे पाणी नाही, म्हणजे कारखाना बंद.

जयवंता धक्क्याच्या पायरीवर खराट्याला टेकून उभी होती. बोललं तर हा फिटर बोलू देणार नाही, आणि बोलू दिलं तर साहेब विचारणार की तुला हे कुठून माहीत. मग हिरामणची गोष्ट सांगावी लागणार. हाताला हे काम जमत नाही हे त्यानं पाच वर्षं कारखान्यापासून लपवून ठेवलं, बायकोकडून काम करून घेतलं आणि सही आपली केली. मेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा. दुसरीकडं समोर फळ्या फुटलेली लाँच, आणि उद्या-परवा तिच्यात बसणारी माणसं.

तिनं खराटा खाली ठेवला.

“साहेब, गिअरबॉक्स काढायच्या आधी एक करून बघा.”

सगळे वळले. गजा हसला. साहेब मात्र घाईतला माणूस असूनही म्हणाले, “बोला.”

“केबल इंजिनाकडून सोडा. सोडल्यावर दांडा हलवून बघा. हलका झाला तर दोष इंजिनात, जड तो जडच राह्यला तर केबलीत. आन् गिअरचा लहान हात हाय ना, इंजिनापाशी, तो हातानं हलवून बघा. दोन बोटांनी हलला तर गिअरबॉक्सला काय झालेलं नाय.”

बोलणं इतकं सरळ होतं की त्याला नाही म्हणायला जागा नव्हती.

“सोड रे,” साहेब गजाला म्हणाले.

गजानं रागारागानं पिन उपटली. साहेब स्वतः खाली उतरले आणि गिअरचा तो लहान हात त्यांनी दोन बोटांनी ढकलला. खट. पुढं. खट. मागं. लोण्यात सुरी जावी तसा. मग वर येऊन त्यांनी दांडा धरला. त्याच्या दुसऱ्या टोकाला आता इंजिन नव्हतंच, तरी तो दोन्ही हातांनी जेमतेम हलला. वेगाचा दांडाही तसाच.

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. “बाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

तिनं पदर खांद्यावर नीट घेतला आणि सांगितलं. हात कसा गेला, पिन पाण्यात कशी पडली, रविवार, तेल, वाटी, सगळं. “वहीत सही त्यांची हाय साहेब, पर काम माझ्या हातचं हाय. पाच वर्षांत केबल एकदा अडली न्हवती. त्यांनी लपवलं ते पोटासाठी. त्याचा दोष लावायचा तर मला लावा, ते आता नायत.”

काळूराम हळूच म्हणाला, “खरंच हाय साहेब. हिरामण व्हता तवर दांडा एका बोटावर चालायचा.”

साहेबांनी गजानं उपटलेली पिन उचलून तिच्या हातात दिली. मग म्हणाले, “आत्ता करून दाखवता?”

“आज अख्खा दिस लागंल. मधी कुनी घाई करायची नाय.”

“करणार नाही.”

त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. धक्क्यावरच्या टाकीच्या कठड्याला केबल टांगली. जयवंतानं लुगड्याचा ओचा खोचला, सायकलची ट्यूब मागवली, शिवणयंत्राचं तेल मागवलं. आधी नळीतलं ग्रीस काढायला रॉकेल सोडलं. खालच्या टोकातून जे बाहेर आलं ते बघून वर्कशॉपच्या माणसांनी नाकं मुरडली. काळं, दाट, वाळू मिसळलेलं. तिनं ते बोटावर घेऊन चोळलं आणि साहेबांसमोर धरलं. रेती करकर वाजत होती. गजा तिथून निघून जाऊन जरा लांबच्या झाडाखाली विडी ओढत बसला.

मग तिनं तेल ओतायला घेतलं. थोडं तेल, वरखाली तार, पुन्हा तेल. वेळ जात राहिला. साहेब घड्याळ बघायचे आणि पुन्हा खिशात ठेवायचे. दीड तास झाला तेव्हा थेंब तांबूस झाला होता. पावणेदोन तासांनी वाटीत स्वच्छ, पिवळं तेल पडलं. तिनं तार एका हातानं ओढून बघितली आणि तिचे डोळे मिटले. आत कुठंही काही अडत नव्हतं.

गिअरची केबल अशी बरी झाली. वेगाच्या केबलीवरून तिनं अंगठा फिरवला आणि मध्येच थांबली. एक पुसटसा फुगवटा होता, डोळ्याला दिसेल न दिसेल असा. “ही नाय चालनार,” ती म्हणाली. “आत गंजानं फुगलीय. तेल पाजलं तर चार दिस चालंल, मग तुटंल.”

“दिसायला तर बरी दिसते,” वर्कशॉपचा एक जण म्हणाला.

“कापा मग हितं.”

कापली. नळीच्या आत गंजाचा पोपडा धरला होता, आणि तारेच्या एकोणीस धाग्यांपैकी धड उरले होते सहा. सगळ्यांनी वाकून मोजले. साहेबांनी तो तुकडा आपल्या रुमालात गुंडाळून खिशात टाकला आणि स्टोअरमधून नवी केबल आणायला माणूस धाडला.

नवी केबल तिनं परातीच्या वळणानं बसवली, टोकांना ट्यूबच्या टोप्या बांधल्या, पिनांपाशी ग्रीसचं बोट लावलं. सुतारानं फळ्या ठोकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी लाँच तयार होती.

आणि धक्क्यावरची माणसं चढेनात. एक जण चप्पल बांधत होता, एक तंबाखू मळत होता. झाडूवालीनं दुरुस्त केलेली लाँच. त्या एका शब्दाच्या पोटात आणखी कोणकोणते शब्द आहेत हे जयवंताला चांगलं कळत होतं. ती कुणाकडं न बघता लाँचमध्ये चढली आणि नेहमीप्रमाणे मागं जाऊन बसली.

काळूरामनं इंजिन सुरू केलं. गिअरच्या दांड्यावर एक बोट ठेवलं. खट. वेगाचा दांडा पुढं केला, मागं घेतला. आवाज त्याच क्षणी चढला आणि त्याच क्षणी उतरला. त्यानं मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वयनी, मागं कशाला बसता? हितं फुडं या, माज्याजवळ.”

ती उठून पुढं गेली. मग एकेक करत माणसं चढली.

त्याच महिन्याच्या अखेरीला खोपोलीच्या अंगाला धो धो कोसळून नदी एकदम चढली. भर दुपारी, एकोणीस माणसं घेऊन लाँच मधोमध असताना एक अख्खं उंबराचं झाड मुळांसकट वाहत आलं. काळूरामनं वेग उतरवला, गिअर मागं टाकला, पुन्हा वेग दिला. तीन हालचाली. झाड लाँचच्या नाकापुढून हातभर अंतरावरून गेलं आणि बंधाऱ्यावरून खाली पडलं. पलीकडं उतरल्यावर काळूराम चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ बसून होता. “श्वास न्हाय लागला,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता, “एकसुदिक श्वास न्हाय लागला.” त्या दिवसानंतर लाँचमध्ये जयवंतासाठी पुढची जागा सोडायला कुणाला सांगावं लागलं नाही.

काम तिच्याकडं आलं, हुद्दा मात्र आला नाही. टिपणीस साहेबांनी दोनदा कागद पाठवला. ऑफिसातून उत्तर आलं की अशी जागा नाही, आणि यंत्र विभागात स्त्री कामगार घ्यायची पद्धत नाही. म्हणून ती सकाळी झाडायची आणि दुपारी केबली बघायची. वहीत सही गजाचीच पडायची, कारण सही फिटरनंच करायची असा नियम होता. ही सही तिला फार टोचायची. रोज हजेरीला ती आपलं पुरं नाव लिहायची, बापानं गिरवून घेतलं होतं तसं, एक अक्षर न गाळता. आणि जे काम तिला छाती भरून करावंसं वाटे, त्याखाली दुसऱ्याचं नाव.

पंचाहत्तरच्या मे महिन्यात बोटींची तपासणी करणारे सरकारी साहेब आले. पांढऱ्या मिशांचे, आयुष्य बंदरांवर काढलेले. त्यांनी लाँचभर हात फिरवला आणि दांड्यांपाशी थांबले. एका बोटानं हलवले. पुन्हा हलवले. फळी उचलायला लावून केबलींची वळणं बघितली, ट्यूबच्या टोप्या बघितल्या.

“केबली कोण बघतं इथं?”

ऑफिसच्या माणसानं वही पुढं केली. “गजानन फिटर, साहेब.”

“वा. किती वेळ देता तेलाला, खाली उतरेपर्यंत?”

गजानं घसा खाकरला. “देतो की साहेब... दहा मिनिटं.”

म्हाताऱ्या साहेबांनी मिशीला हात लावला. “दहा मिनिटांत हे काम होत नाही. मला करणारा माणूस दाखवा.”

गजाची मान खाली होती. पण मग त्यानं जे केलं त्याची जयवंतानं पुढं कायम आठवण ठेवली. त्यानं बोट उचलून तिच्याकडं दाखवलं आणि म्हणाला, “त्या करतात साहेब. मी नुसती सही करतो.”

“पावनेदोन तास लागतात,” जयवंता तिथूनच म्हणाली. “पयलं काळं येतं, मग तांबूस, मग ओतलं तसं. ओतलं तसं आलं की मगच उठायचं.”

साहेबांनी तिला जवळ बोलावून आणखी पाच-सहा गोष्टी विचारल्या. मग आपल्या अहवालात लिहिलं आणि ते ऑफिसच्या माणसाला वाचून दाखवलं. नियंत्रण केबलींची देखभाल उत्तम; ती श्रीमती जयवंता हिरामण ओव्हाळ करतात; यापुढे वहीत त्यांची सही नसेल तर तपासणी ग्राह्य धरली जाणार नाही.

आता सरकारी कागदावरचं नाव झाडूच्या हुद्द्याखाली ठेवणं ऑफिसला अवघड झालं. पावसाळ्याआधी जागा निघाली, ‘सहायक, यंत्र विभाग’. स्टोअरमध्ये निळे डगले होते ते सगळे पुरुषांच्या मापाचे. तिनं एक घरी नेला, उसवला आणि आपल्या मापाचा करून गोधडीच्या टाक्यांनी शिवून काढला. पहिल्या दिवशी लुगड्यावर तो घालून ती निघाली, तेव्हा धाकटी मुलगी उंबऱ्यातून म्हणाली, “आये, फिटरवानी दिसतेस गं.”

“वानी नाय,” जयवंता म्हणाली. “हायच.”

त्या दुपारी तिनं वहीत पहिली सही केली. पान मोठं होतं, रकाना लहान. नाव रकान्याबाहेर गेलं. तिनं जाऊ दिलं.

ब्याऐंशी साली नदीवर पूल झाला आणि लाँचचं काम संपलं. उरणकडच्या एका कोळी नाखव्यानं, बोटींच्या मालकानं, ती विकत घेतली. न्यायला आला तेव्हा त्यानं दांडा हलवला आणि अचंब्यानं विचारलं, अठरा वर्षांच्या लाँचला असं कुणी ठेवलंय? जयवंताकडं बोट गेलं. त्यानं तिथल्या तिथं साहेबांना गळ घातली, की या बाईंना दोन दिवस आमच्याकडं पाठवा, आमच्या खलाशांना शिकवू देत.

अशी ती त्रेचाळिसाव्या वर्षी प्रथमच समुद्रावर गेली. बंदरावर होड्यांची रांग होती, सुक्या मासळीचा वास होता, आणि लाँचभोवती सात-आठ खलाशी बसले होते, जन्म पाण्यात गेलेले. त्यातला एक म्हातारा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, हातातली जाळी विणता विणता म्हणाला, “बाय, तू कंची गो?”

“कर्जतकडची. डोंगराची.”

“आन् आमाला बोट शिकवनार?”

माणसं हसली. तीही हसली.

“बोट नाय बाबा. बोट तुमी मला शिकवा. मी फकस्त केबल जानते.” आणि ती खाली बसली, पिन काढली, तार बाहेर घेतली. म्हाताऱ्याचे हात जाळीवर थांबले. तिनं तारेवरून त्याचा अंगठा फिरवून घेतला, वळण कसं असावं ते दाखवलं, लाँचच्या डोलकाठीला केबल टांगली आणि वाटी खाली ठेवली. पावणेदोन तास कुणी उठलं नाही. मधल्या वेळात म्हाताऱ्याच्या बायकोनं तिला भाकरी आणि तळलेला बोंबील आणून दिला.

“आमच्या हितं खारं पानी,” म्हातारा म्हणाला. “तुजं गोड्या पान्याचं शिक्षान हितं चालंल काय?”

याचं उत्तर तिला पुस्तकात मिळालं नसतं आणि हिरामणनंही कधी सांगितलं नव्हतं. तिनं थोडा विचार केला. मग लाँचच्या कडेवरून वाकून समुद्रात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तोंड वेडंवाकडं झालं, तशी पुन्हा सगळी हसली.

“पंधरा दिसांनी तेल नाय चालनार हितं,” ती म्हणाली. “आठ दिसांनी. आन् त्याच्या आधी गोड्या पान्यानं टोकं धुवायची, फडक्यानं कोरडी करायची.”

म्हाताऱ्यानं मान हलवली, आणि जाळी बाजूला ठेवून दुसऱ्या केबलीची पिन काढायला स्वतः पुढं सरकला.